कोटाचा हिशेब

माणसाने काय जमवावं याला कायदा नाही. कोणी काड्यापेट्यांची लेबलं जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटं, कोणी अडकित्ते. आम्ही बँकवाले दिवसभर दुसऱ्यांचे पैसे जमवतो आणि संध्याकाळी ते टॅली झाले की रिकाम्या हातांनी घरी जातो. तेव्हा छांदिष्ट मंडळींबद्दल आम्हाला आदरच आहे. पण युरोप-अमेरिकेतल्या एका जमातीपुढे मात्र आम्ही हात टेकले. हे लोक दुसऱ्या महायुद्धातले जर्मन लष्करी ओव्हरकोट जमवतात. आणि त्यातले जे अगदीच पोहोचलेले, ते जर्मन रेल्वे पोलिसांचे गणवेश!

या पोलिसांचं नाव ‘बानशुट्झपोलिझाय’. उच्चारेपर्यंत गाडी सुटते. रूळ, पूल, स्टेशनं सांभाळणं हे त्यांचं काम. सैन्याच्या मानाने दल लहान, म्हणून गणवेश दुर्मिळ; आणि दुर्मिळ म्हटलं की संग्राहकाचा हात पाकिटाकडे गेलाच.

या मंडळींच्या चिकाटीला मात्र तोड नाही. १९३६ च्या नमुन्याच्या ओव्हरकोटाची कॉलर गडद हिरवी, १९४० च्या कोटाची कॉलर कोटाच्याच करड्या रंगाची, १९४२ ला ती रुंद झाली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. लग्नाचा वाढदिवस विचारा, डोकं खाजवतील. युद्ध लांबलं तशी कापडातली लोकर कमी होऊन रेयॉन वाढलं, हे ते नुसत्या बोटांनी ओळखतात. अस्तरावरचे शिक्के भिंगाखाली असे तपासतात, की आमचा ऑडिटर लाजावा. मग काळोख्या खोलीत अतिनील दिवा लावून बसायचं. शिवणीचा दोरा पांढराशुभ्र चमकला, की कोट युद्धानंतरचा, म्हणजे बनावट!

परीक्षा चांगली आहे. १९८३ साली पश्चिम जर्मनीतल्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून लाखो मार्क मोजून घेतलेल्या रोजनिशा अशाच चमकल्या होत्या. त्यांच्या कागदात युद्धानंतर वापरात आलेलं रसायन निघालं. त्या लिहिणारा कोनराड कुयाऊ याच जुन्या वस्तूंच्या बाजारातला.

आता यांना विचारावं, ‘‘अहो, पण हेच का जमवता?’’ तर उत्तर ठरलेलं, ‘‘आम्हाला राजकारणाशी कर्तव्य नाही. आम्ही इतिहास जपतो.’’

बहुतेकांच्या बाबतीत पहिलं वाक्य खरं असेल. आमचं भांडण दुसऱ्या वाक्याशी आहे. इतिहास जपता ना? मग व्हाउचर दाखवा!

आम्ही दाखवतो. ज्यू लोकांना छावण्यांकडे मरायला नेणाऱ्या गाड्यांचं जर्मन रेल्वेने रीतसर भाडं लावलं. दर तिसऱ्या वर्गाचा, माणशी किलोमीटरला ४ फेनिग. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट. चार वर्षांखालची फुकट. चारशेच्या वर माणसं असली तर घाऊक सवलत, निम्मा दर. भाडं तिसऱ्या वर्गाचं आणि डबे बहुतेक वेळा गुराढोरांचे. नेलेल्यांचं तिकीट फक्त जाण्याचं. पहारेकऱ्यांचं मात्र जाण्या-येण्याचं. अशी सुमारे तीस लाख माणसं रेल्वेने नेली.

हे बिल एखाद्या कारकुनानेच केलं असणार. बेरीज पुन्हा तपासली असेल, खाली सही ठोकली असेल, मग डबा उघडून जेवला असेल. मी वीस वर्षं बेरजा तपासतोय. इतकी चोख आणि इतकी चुकलेली बेरीज माझ्या पाहण्यात नाही.

आता रेल्वे पोलिसाचा प्रत्येक कोट त्या गाड्यांपाशी उभा होता, असं आम्ही म्हणत नाही. एखादा बापडा कुठल्याशा पुलावर कुडकुडत उभा असेल. पण मग तेच विचारा की! कुठला पूल? कुठलं स्टेशन? कोणतं साल? तिथून काय काय गेलं? बटण कुठल्या कारखान्याचं हे विचारणाऱ्याला, कोटात माणूस कोण होता हे विचारायला काय होतं?

गंमत पुढेच आहे. युद्ध संपल्यावर खुद्द जर्मनीत लोकांनी या कोटांवरची चिन्हं उसवली, कोट काळे-तपकिरी रंगवले आणि अंगात घातले. लाजेने म्हणा, दोस्त राष्ट्रांच्या हुकमाने म्हणा, थंडीने म्हणा. पण असा रंगवलेला कोट संग्राहकाला नको! जणू इतिहास १९४५ च्या मे महिन्यात संपला आणि उरली ती नुसती धोब्याची चूक.

याउलट बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड स्टेशनवर १७ नंबरच्या रुळाशी बघा. तिथे १९९८ साली जर्मन रेल्वेनेच फलाटाच्या कडेला १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या. एकेका पट्टीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते गाव. ना कोट, ना बटण, ना कॉलर. लेजर असावं तर असं.

तेव्हा संग्राहक महाशय, कोट खुशाल जमवा. डांबराच्या गोळ्या घाला, कसर लागू देऊ नका. फक्त दिवाणखान्यात तो टांगाल, तेव्हा हँगरला भाड्याचं दरपत्रकही बांधा, अर्ध्या तिकिटासकट. मग बघू, पाहुणे कॉलरचं कौतुक करतात, की चहा अर्धा टाकून उठतात.