नक्कल वेगळी, दुसरे नाव वेगळे

जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका ही कागदपत्रे आपल्या घरांतून पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली असतात. आता त्यांच्या स्कॅन केलेल्या फाईली संगणकातही असतात, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला त्याच लागतात. म्हणून संगणक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहून पडद्याकडे पाहणाऱ्या आईवडिलांसाठीही, आज आम्ही तीन लहान आज्ञांविषयी लिहीत आहोत.

लिनक्स ही संगणकप्रणाली फुकट मिळते व जुन्या यंत्रावरही चालू शकते. तिच्यात माउसला हात न लावता, आज्ञा टाईप करून काम होते. सीपी म्हणजे प्रत काढा, एमव्ही म्हणजे हलवा, एलएन म्हणजे जोडा. (टाईप अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायचे.) या आज्ञा युनिक्सच्या घरातल्या. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. तेव्हाची टाईपयंत्रे सेकंदाला जेमतेम १० अक्षरे उमटवीत. त्यामुळे आज्ञा आखूड आणि संगणक मितभाषी. काम झाले तर तो काही बोलतच नाही.

हा अबोलपणा कधी महागात पडतो. ताईची गुणपत्रिका एका फोल्डरमध्ये आहे. धाकट्यानेही आपल्या फाईलला तेच नाव दिले आणि सीपीने तिथे टाकली. संगणक एरवी विचारत नाही. ताईची फाईल पुसून धाकट्याची बसते. एमव्हीचेही तसेच. इथे कचरापेटीही नाही की उचकून परत काढावी. यावर उपाय सोपा आहे. आज्ञेनंतर जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून आय लिहावे, म्हणजे जुन्या फाईलवर लिहिण्यापूर्वी संगणक विचारतो. ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावावी.

खरा घोटाळा एलएनने होतो. घरी ज्याला बाळ्या म्हणतात तोच शाळेच्या पटावर मिलिंद असतो. नावे दोन, पोर एकच. बाळ्याला ताप आला तर मिलिंद शाळेत कसा जाणार? एलएनने फाईलला असेच दुसरे नाव मिळते. एक नाव खोडले तरी दुसऱ्या नावाने फाईल उघडते, म्हणून पुष्कळांना वाटते की आपली नक्कल झाली. नक्कल झालेली नसते. मजकूर डिस्कवर एकाच जागी असतो. ती जागा खराब झाली तर दोन्ही नावे गेली.

एलएनला आडवी रेघ व एस जोडले तर नुसती पाटी तयार होते, 'आम्ही पलीकडच्या चाळीत राहायला गेलो' अशी. पलीकडचे बिऱ्हाडही हलले की पाटी तशीच राहते आणि आलेला माणूस बंद दारापुढे उभा. पेन ड्राईव्हच्या नेहमीच्या मांडणीत तर यांतला कोणताच जोड बसत नाही.

आता एमव्ही. एकाच डिस्कच्या एकाच भागात फाईल हलवली तर मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद बदलते. मोठा चित्रपटही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हलतो. पेन ड्राईव्हवर हलवताना मात्र आधी प्रत काढली जाते, मग मूळ फाईल पुसली जाते. त्यातही लिहिण्याचे काम काही वेळ संगणकाच्या स्मृतीतच पडून असते. 'झाले' समजून कोणी पेन ड्राईव्ह उपटला, तर इकडचे पुसलेले आणि तिकडचे अर्धवट!

दाखल्यांसाठी एमव्ही वापरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीपीने प्रत काढावी, पेन ड्राईव्ह रीतसर बाहेर काढावा, पुन्हा लावावा आणि सीएमपी या आज्ञेने दोन्ही फाईली ताडून पाहाव्यात. ती गप्प राहिली तर दोन्ही तंतोतंत सारख्या. संगणकातली फाईल पुसायचीच असेल तर त्यानंतर. आणि तो पेन ड्राईव्ह त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवू नये, मामाच्या नाहीतर मावशीच्या घरी द्यावा. पावसाळ्यात पाणी शिरते ते सगळ्या पेटीत शिरते.