देवनारचा धूर आणि आपल्या घरची पिशवी

जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग भंगारवाल्यांनी लावली की आणखी कोणी, यावर भरपूर चर्चा झाली. ती धुमसत कशामुळे राहिली, हा प्रश्न मागेच पडला.

सुमारे १३२ हेक्टरच्या या जागेवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडत आला. भाजीची देठे, उरलेला भात, चहाचा चोथा आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतो. ढिगाखाली हवा न मिळता हे सारे कुजले की मिथेन वायू तयार होतो, आणि तो पेट घेतो. वरून कितीही पाणी मारा, आतली आग विझत नाही. म्हणजे जळते ते दादर, वांद्रे आणि भेंडी बाजारच्या स्वयंपाकघरातले. खोकतात मात्र गोवंडीची मुले. आता बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, तर दुर्गंधीची तक्रार विक्रोळीतून येते.

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडीचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. तिथे आपला समाज मोठ्या संख्येने राहतो. ‘कचरा आमच्याच दारात का?’ हा सवाल रास्त आहे आणि तो महापालिकेला ठणकावून विचारायलाच हवा.

पण रमजानमध्ये मगरिबनंतर आपल्याच मोहल्ल्यातला ड्रम बघा. कलिंगडाची साले, खजुराच्या बिया, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा, सारे एकत्र. (थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्या येतात कुठून, अल्लाह जाणे.) सकाळी कुणीतरी बाई त्यात उघडा हात घालून बाटल्या वेचते. ती पुष्कळदा आपल्याच वस्तीतली असते. त्याच ड्रममध्ये फुटलेला ग्लास असतो, बाळाचे डायपरही.

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घरावर बंधनकारक केले. त्यावर ठरलेले उत्तर येते, ‘गाडीवाला सगळे एकत्रच टाकतो, मग आम्ही कशाला त्रास घ्यायचा?’ अनेकदा हे खरेही असते. पण हातात मिसळलेली पिशवी घेऊन त्याच्याशी भांडता येत नाही. वेगळा कचरा द्या, मग गाडीचा नंबर लिहून वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार करा, पोचही घ्या.

रोज शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावावी, असे महापालिकेने २०१७ मध्येच सांगितले आहे. मोठे शादी हॉल आणि वसतिगृह असलेले मदरसे आपला कचरा कधी वजन करून पाहतात का? सुरुवात मस्जिदीच्या इफ्तारपासून करता येईल. स्टीलच्या प्लेटा, दोन रंगांचे दोन ड्रम. पहिला आठवडा ड्रमपाशी दोघा-तिघांना उभे राहावे लागेल, कारण लोक सवयीने कुठेही टाकतात. बुजुर्गांना टोकायला संकोच वाटेल. तेव्हा त्यांच्या हातातली प्लेट आपणच घ्यावी.