टोपीच्या आतलं वाचा

व्हिंटेज फेल्ट हॅटचे रील बनवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. लेबल दाखवतात, भाव सांगतात. ती बनवणाऱ्यांचं पुढे काय झालं, यावर अवाक्षर नाही.

सशाचे केस एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं नायट्रेट लावत. पाऱ्याच्या वाफेने कामगारांचे हात थरथरू लागत. जर्मनीतल्या गुबेनमध्ये हॅटकंपनीच्या ज्यू मालकांना नाझींनी हुसकावलं. मोराव्हियातला ह्यूकेल कारखाना १७९९चा. १९४५ला तो सरकारजमा झाला, गावातल्या जर्मनांनाही हाकललं गेलं.

‘युरोपचं दुखणं, आपल्याला काय?’ असं म्हणाल. मी देवळाली कॅम्पात राहतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांना इथेही डांबलं होतं. नाझी पक्षाचा सदस्य असलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर त्यांतलाच. आणि हिटलरपासून पळून भारतात आलेल्या कित्येक ज्यूंनाही इंग्रजांनी सुरुवातीला ‘शत्रू’ म्हणूनच पकडलं. टोपी तीच, पासपोर्ट तोच. माणसं मात्र एक नव्हती.

हॅट जरूर जमवा. पण आतली चामड्याची पट्टी उलटा, नाव-गाव वाचा, त्या गावाचं काय झालं ते शोधा आणि रीलमध्ये सांगा. नाहीतर तुम्ही टोपी जमवत नाही आहात, स्वतःलाच घालताय.