होडीवरील जुने स्टिकर

नदीकाठच्या गोमंतकीय घरांतून लाकडी होडीच्या जोडीला आता फायबरची होडीही दिसते. तिच्यावरचे फाटके स्टिकर काढताना पहिला हात सुरीकडे जातो; तो आवरावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. फायबरवरील चकचकीत लेप पातळ असतो, त्यावरचा ओरखडा सहजी जात नाही. कढत पाण्यात पिळलेले फडके स्टिकरवर थोडा वेळ दाबून धरावे. गोंद सैलावला की कोपरा नखाने उचलून सावकाश तिरका ओढावा. मागे राहिलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल चोळून अर्ध्या तासाने जाड कापडाने पुसावे. हट्टी थराला रॉकेल चालते. पण ते मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर वापरावे, आणि त्याची फडकी नदीत धुऊ नयेत. थिनर आम्हांस पसंत नाही. होडी प्लॅस्टिकची असल्यास काही जातींचे प्लॅस्टिक त्याने विरघळते. तेलकटपणा साबणाने पुरता काढावा, नाहीतर नवा रंग धरणार नाही. नोंदणी क्रमांकाला मात्र हात लावू नये. स्टिकरखाली गडद चौकोन उरलाच, तर घासत बसू नये; तो डाग नव्हे, उन्हाने न विटलेला मूळ रंग आहे.