पाऊस कोणाला कळतो?

गेल्या आषाढात मामांच्या नव्या मोटारीतून आम्ही पुण्याहून माणगावला निघालो. पुढे मामा-मामी, मागे आजी आणि मी. चांदणी चौक मागे पडला न पडला तोच मामांनी गाडीचे गुणगान सुरू केले. "हिचे वायपर आपले आपण चालतात. पाऊस आला की सुरू, थांबला की बंद. आपण बोटसुद्धा हलवायचे नाही!" त्या वेळी पाऊस नव्हता, म्हणून आम्ही विश्वास ठेवला.

मुळशी मागे टाकून ताम्हिणी घाटात शिरलो आणि परीक्षेची वेळ आली. घाटातला पाऊस नेहमीच थेंबांनी पडतो असे नाही. पुष्कळदा तो धुक्याच्या रूपाने येऊन काचेवर नुसता बसतो. समोरची झाडे पुसट होत गेली; वायपर मात्र स्वस्थ. मामा मान पुढे काढून रस्ता शोधू लागले. इतक्यात वळणावरून एस. टी. आली आणि तिने चिखलपाण्याचा एक फवारा आमच्या काचेवर मारला. क्षणभर काहीच दिसेना. यंत्राने तेवढा वेळ विचार केला आणि मग वायपर असे काही सुटले की विचारू नका! पण त्या क्षणात एका बाजूला बस होती आणि दुसऱ्या बाजूला दरी. मामांनी वेळीच ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे. गाडी थांबल्यावर आजी शांतपणे म्हणाली, "काय रे, गाडीला पाऊस कळतो म्हणालास ना? मग तो आधी मला कसा कळला?"

माणगावला लख्ख ऊन पडले होते. पेट्रोल पंपावरचा मुलगा ओल्या फडक्याने काच पुसायला गेला, तर वायपरने त्याच्या हातावर सपकन फटका मारला. घाटात झोपलेले यंत्र येथे नको इतके जागे होते.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. तरीही शास्त्र शाखेतल्या एका मित्राला चहा पाजून मी हे कोडे समजून घेतले. आरशामागे काचेला आतून एक लहानशी डबी चिकटवलेली असते. ती डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण काचेत तिरपे सोडते. काच कोरडी असली तर ते किरण बाहेरच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन डबीकडे परततात. थेंब असला तर त्यांतले काही पाण्यातून बाहेर निसटतात. परतणारा प्रकाश जितका कमी, तितका पाऊस जास्त, असा हिशेब! युक्ती सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ही डबी एवढ्या मोठ्या काचेचा एक लहानसा तुकडाच पाहते. धुक्याचे कण फार सूक्ष्म, त्यामुळे तिच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. उलट नेमका त्याच जागी किडा चिकटला, तर तो पाऊस ठरू शकतो. काच बदलताना डबी आणि काच यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा राहिला, तर भर उन्हातही वायपर नाचू लागतात.

वायपरचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये एका ट्रामचालकाला बर्फाळ पावसात खिडकी उघडून रस्ता पाहताना पाहिले. 1903 साली त्यांनी आतून हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट घेतले. पुढे रॉबर्ट कर्न्स यांनी थांबून थांबून चालणारा वायपर बनवला. त्याचे पेटंट 1967 सालचे. 1953 साली, लग्नाच्या रात्री, शॅम्पेनचे बूच उडून त्यांचा एक डोळा जवळजवळ गेला होता. पापणी जशी अधूनमधून लवते तसा वायपर का चालू नये, असा प्रश्न त्यांना पडला. या दोघांनीही सुरुवात केली ती माणसाच्या डोळ्यापासून. नव्या डबीने मात्र सुरुवात केली ती काचेवरच्या पाण्यापासून. काचेवर पाणी किती आहे हे तिला समजते. चालकाला दिसते किती, हे समजत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

कोणी म्हणेल, डबीची संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची सोय बऱ्याच गाड्यांत असते. खरे आहे, परंतु ती सोय वापरायची हातानेच ना? मग हाताची सुटका कोठे झाली? महामार्गावर एकाएकी सर आली असता दोन्ही हात चाकावर राहतात, हा फायदा मी मोकळेपणाने मान्य करतो. यंत्राने मदत जरूर करावी. परंतु त्या मदतीच्या भरवशावर आपण सावध राहण्याचे सोडले, तर ती मदत महागात पडते. आणि काही नव्या गाड्यांत वायपरची बटणे पडद्यावरच्या चित्रांत नेऊन ठेवली आहेत, ते तर मुळीच पटत नाही. धुक्यात बोटाला चटकन सापडेल अशी दांडी चाकाशेजारी हवीच.

परतताना मामांनी ताम्हिणीच्या पायथ्याशीच स्वयंचलित व्यवस्था बंद केली आणि घाटभर दांडी स्वतः चालवली. मध्येच एकदा ते गप्पांत रंगले आणि काच धुरकटली. "अरे, पूस की!" आजी मागून ओरडली. वायपर लगेच फिरला.