धिंड नको, चौकीत माणूस हवा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

पुण्यात आता एक ठरलेला क्रम झालाय. चार पोरं कोयते घेऊन रात्री एखाद्या गल्लीत शिरतात, उभ्या गाड्यांच्या काचा फोडतात, समोर येईल त्याला धमकावतात. सकाळी त्याचा व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर. दोन दिवसांनी दुसरा व्हिडिओ येतो. तीच पोरं लंगडत, मान खाली घालून, दोरीला धरून त्याच गल्लीतून चालवली जातायत आणि मागे एखादं दणदणीत गाणं लावलेलं. खाली आपल्या कमेंट्स: 'जबरदस्त', 'असंच पाहिजे', 'पुणे पोलीस झिंदाबाद'. आठवडाभरात दुसऱ्या गल्लीत दुसरी चार पोरं.

माझं म्हणणं सरळ आहे. ही धिंड गुन्हेगारासाठी नाहीये, ती आपल्यासाठी आहे. आपला राग शांत व्हावा, आपण टाळ्या वाजवाव्यात आणि पुढचा प्रश्न विचारू नये म्हणून. आणि पुढचा प्रश्न एकच आहे: हे घडत असताना जवळच्या चौकीत कोण होतं?

दोन प्रसंग आठवा.

२७ जून २०२३. सदाशिव पेठ. सकाळची वेळ, भर वस्ती, क्लासला जाणाऱ्या मुलामुलींची गर्दी. एक तरुण हातात कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावतो आणि तिच्यावर वार करतो. बघणारे बघत राहतात. तिला वाचवतात ती स्पर्धा परीक्षेची तयारी करायला पुण्यात आलेली मुलं, स्वतःचा जीव धोक्यात घालून. पेरूगेट पोलीस चौकी तिथून जवळच. नंतर या चौकीतल्या तीन पोलिसांना निलंबित करण्यात आलं, कारण कामाच्या वेळी ते जागेवर नव्हते. म्हणजे चौकी होती, पाटी होती, खुर्ची होती. माणूस नव्हता.

२५ फेब्रुवारी २०२५. स्वारगेट बसस्थानक. पहाटे पावणेसहाच्या सुमारास फलटणच्या गाडीची वाट बघणारी तरुणी. तिला 'ताई' म्हणत, गाडी दुसरीकडे लागलीय असं सांगून एक माणूस आवारात अंधारात उभ्या असलेल्या शिवशाहीत नेतो. पुढचं लिहायची गरज नाही. आरोपीवर आधीचे गुन्हे दाखल होते, तो जामिनावर बाहेर होता. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. राज्यातल्या सर्वांत गजबजलेल्या स्थानकांपैकी हे एक, आणि तिथे उभ्या गाडीचं दार उघडं आहे, आत दिवा नाही, आसपास रखवालदार नाही. त्यानंतर गृहराज्यमंत्री काय म्हणाले? तर तिथे झटापट झाली नाही, म्हणून आजूबाजूच्या लोकांना काही कळलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी. म्हणजे दोष कुणाचा, तर न ओरडलेल्या मुलीचा!

या दोन्ही ठिकाणी काय कमी होतं? कायदा? अजिबात नाही. आपल्याकडे कायद्यांची कमी नाहीये. १९५१ चा महाराष्ट्र पोलीस कायदा आहे. त्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघतात. कलम ५५ ते ५७ खाली माणसाला तडीपार करता येतं, दोन वर्षांपर्यंत. १९८१ चा 'एमपीडीए' आहे, त्यात वर्षभर स्थानबद्ध ठेवता येतं. १९९९ चा 'मोक्का' आहे, ज्यात जामीन मिळणं महाकठीण. एवढं सगळं हाताशी असताना 'कडक कायदा करा' म्हणणारा पुढारी आपल्याला चक्क गंडवतोय.

कमी होती ती तीन साध्या गोष्टींची. जागेवर असलेला पोलीस, चालू असलेला दिवा आणि बंद असलेलं दार. यातलं काहीच रीलमध्ये चांगलं दिसत नाही. म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला: 'धिंड काढल्याने जरब बसते.' कुणाला बसते? जो पोरगा कोयता घेऊन व्हिडिओ टाकतो त्याला हवं काय असतं? नाव. गल्लीत 'भाई' म्हणून ओळख. पोलिसांनी त्याला गाणं लावून अख्ख्या शहराला दाखवलं की त्याचं काम फुकटात झालं. लंगडत चाललेला व्हिडिओ त्याच्या टोळीत मेडलसारखा मिरवला जातो. आणि कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात धिंड नावाची शिक्षा नाहीये. ती पोलिसांनी द्यायची नाही, कोर्टानेसुद्धा द्यायची नाही. आज चार कोयतेवाल्यांना चालवलं म्हणून आपण टाळ्या वाजवतोय. उद्या चुकीच्या संशयावरून आपल्याच सोसायटीतल्या पोराला चालवलं तर दाद कुणाकडे मागणार? टाळ्या वाजवून परवानगी तर आपणच दिलेली असेल.

खरी जरब बसते ती शिक्षा झाल्यावर. शिक्षा होते पुराव्यावर, आणि पुरावा उभा राहतो पंच आणि साक्षीदारांवर. आता प्रामाणिकपणे सांगा, आपल्या गल्लीत पंच म्हणून सही करायला किती जण पुढे येतात? 'कोर्टकचेरी कोण करत बसणार' म्हणून शटर खाली ओढणारेच रात्री धिंडीच्या व्हिडिओखाली 'चौकात गोळ्या घाला' लिहितात.

दुसरा: 'बाहेरच्या लोकांनी पुणं बिघडवलं.' हे वाक्य पेठांमध्ये फार आवडीने बोललं जातं. सदाशिव पेठेत त्या मुलीला वाचवणारे कोण होते? बाहेरचेच. कॉट बेसिसवर राहणारे, मेसचा डबा खाणारे, अभ्यासिकेत दिवस काढणारे. आणि कोयता फिरवणारी पोरं? त्यातली कितीतरी इथेच जन्मलेली, इथल्याच वस्त्यांमधली, इथल्याच मंडळांत नाचलेली. त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आपल्याच चौकात लागतात, तलवारीने केक आपल्याच रस्त्यावर कापला जातो आणि फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात आपणच मतं देऊन निवडलेल्या माणसाचा हात जोडलेला फोटो असतो. विनापरवाना फलकांविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे. तो फ्लेक्स उतरवायला कोणता परप्रांतीय आडवा येतो?

तिसरा: 'रात्री दहानंतर सगळं बंद करा, आपोआप शांतता होईल.' इथे दोन गोष्टींची गल्लत होते. दहानंतर कर्कश स्पीकर लावणाऱ्यावर कारवाई हवीच. त्यासाठी २००० पासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, ते वापरा. रस्त्यात गाडी आडवी लावून बॉनेटवर दारू पिणाऱ्यांना उचला. पण कोपऱ्यावरचा भुर्जीवाला, चहावाला, रिक्षा स्टँडवरचे काका, रात्रपाळी संपवून परतणारी नर्स, ही सगळी माणसं म्हणजे रस्त्याचे डोळे असतात. त्यांना हाकललंत की रस्ता शांत होत नाही, ओसाड होतो. ओसाड रस्ता कुणाच्या सोयीचा असतो, हे रात्री एकटी घरी येणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. स्वारगेटला तर माणसंही होती. पण ती फलाटावर होती आणि गुन्हा घडला तो गाड्या उभ्या करतात त्या अंधाऱ्या भागात. म्हणजे नुसती गर्दी पुरत नाही. जिथे गर्दी पोचत नाही तिथे दिवा आणि रखवालदार पोचला पाहिजे.

चौथा: 'कॅमेरे लावा.' लावलेत की! १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं उभारलं गेलं. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. आरोपी शोधताना कॅमेरा फार कामाला येतो. पण कॅमेरा झाल्यानंतर सांगतो. तो धावत येत नाही, हात धरत नाही, दार लावत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण पोलीस मित्र दुखावतील. माझा राग चौकीतल्या शिपायावर नाहीये. गणपती, पालखी, मोर्चे, सभा, आणि एखादा मंत्री पुण्यात उतरला की त्याच्या रस्त्यावर दर वीस पावलांवर उभं राहायला माणसं कुठून येतात? याच चौक्यांमधून. बारा-बारा तास बंदोबस्त करून आलेल्या माणसाला पुन्हा रात्रीच्या गस्तीवर पाठवायचं आणि काही घडलं की त्यालाच निलंबित करायचं. त्याला तिथून हलवणाऱ्याला कुणी विचारतं का? निलंबन शिपायाचं, पत्रकार परिषद साहेबांची.

आणि महापालिकेचं काय? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात गल्लीतला दिवा गेला तर लोकांनी जायचं कुणाकडे? रस्त्यावरचा दिवा हा पोलिसांचा विषय नाही, तो महापालिकेचा आहे. बसस्थानक एसटीचं. फ्लेक्स अतिक्रमण विभागाचा. चौकी पोलिसांची. म्हणून काही घडलं की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण मधल्या मध्ये.

तर मागण्या काय? पाचच लिहितो, एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही.

१. प्रत्येक चौकीबाहेर फलक: आत्ता ड्युटीवर कोण, किती वाजेपर्यंत, फोन नंबर काय. बंदोबस्ताला माणूस हलवला तर बदली कोण, तेही. चौकी रिकामी ठेवायची असेल तर तशी पाटी लावा, निदान माणूस तिकडे धावत जाणार नाही.

२. मध्यवस्तीत दर महिन्याला एकदा रात्री विजेच्या खात्याचा अभियंता, पोलीस आणि नागरिकांनी मिळून पायी फेरी. बंद दिव्यांची यादी, दुरुस्तीची तारीख, दोन्ही जाहीर.

३. बसस्थानकात रात्री उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीचं दार बंद. कुणी बंद केलं त्याची नोंद आणि सही.

४. तडीपारांची खरी तपासणी. माणूस कागदावर जिल्ह्याबाहेर आणि संध्याकाळी पानटपरीवर, हा विनोद बंद करा. तडीपारी ही असाधारण कारवाई आहे, ती ऊठसूट वापरू नका, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावलंय. मग मोजक्यांवर करा, पण केली की पाळून दाखवा.

५. गुन्हे दाखल असलेल्या 'भाई'च्या फ्लेक्सवर ज्याचा फोटो, त्याला जाहीर जाब. पक्ष कोणताही असो.

आपलं काम? तक्रार तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारा की आपल्या हद्दीतल्या चौकीत मागच्या महिन्यात रात्री कोण हजर होतं. आणि पंच म्हणून बोलावलं तर जा. भीती वाटते हे मान्य. एकट्याला वाटते, म्हणून चौघं मिळून जा.

पुढच्या वेळी धिंडीचा व्हिडिओ आला की लाइक करण्याआधी खाली एवढंच लिहा: 'त्या रात्री चौकीत कोण होतं?' शंभर जणांनी लिहिलं तर दुर्लक्ष होईल. दहा हजारांनी लिहिलं तर कुणाला तरी खुर्चीत बसावंच लागेल.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर. जातीवर, पक्षावर आणि 'मुली एवढ्या पहाटे बाहेर का जातात' यावर गेलात तर कमेंट उडवली जाईल. पहाटेची एसटी पकडणं हा गुन्हा नाहीये.