बाळाचा श्वास मोजायला शिका

नर्सिंगच्या शिक्षणाला लागलेल्या आपल्या मुलामुलींनो, एक विद्या आधी हाती घ्या : बाळाचा श्वास मोजणे. त्याला यंत्र लागत नाही, सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते.

बाळ शांत असताना आईच्या मांडीवर ठेवा, झबले वर करा. छाती-पोट एकदा वर-खाली झाले की एक श्वास. पूर्ण मिनिटभर मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका; लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. बाळ रडत असेल तर थांबा, रडताना मोजलेला आकडा खरा नसतो.

दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास 60 किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले तर तातडीने रुग्णालयात न्या. 2 ते 12 महिन्यांपर्यंत 50, 1 ते 5 वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक श्वास आणि सोबत खोकला असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्या. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, बाळ दूध पीत नाही, सुस्त पडते, तेव्हा मोजण्यातही वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा.

छाती भरली म्हणून घरी तेल चोळत बसण्यात मोलाचा वेळ जातो. हे आपल्या आई-मावशीलाही समजावून सांगा.